शहर पोलीस ठाण्यातले पीएसआय आणि एपीआय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलीस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दोनच माणसं येतात: नाक्यावरचा शिपाई, नाहीतर टीव्हीवर पत्रकार परिषद घेणारे आयुक्त. तुमची तक्रार प्रत्यक्षात ज्याच्या हाताखालून जाते, तो अधिकारी या दोघांच्या मधला. मी उपनिरीक्षक (पीएसआय) म्हणून खात्यात आलो आणि सहायक निरीक्षक (एपीआय) म्हणून सर्वांत जास्त वर्षं ठाण्यांत काढली. निवृत्तीनंतर शेजारीपाजारी, एमपीएससीची तयारी करणारी मुलं आणि नव्याने रुजू झालेले अधिकारी साधारण हेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली. ती महाराष्ट्रातल्या आयुक्तालय असलेल्या शहरांपुरती आहेत.

शहराचे पोलीस महापालिकेच्या हाताखाली असतात का?

नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पोलीस हा विषय राज्याच्या यादीत आहे, त्यामुळे शहर पोलीस राज्य सरकारच्या गृह विभागाचे. मुंबईला १८६४ पासून पोलीस आयुक्त आहेत. पिंपरी-चिंचवडला आयुक्तालय मिळालं २०१८ मध्ये. महापौर किंवा महापालिका आयुक्त पोलिसांना आदेश देत नाहीत. महापालिकेचं अतिक्रमण पथक कारवाईला निघतं तेव्हा ते पोलीस बंदोबस्त मागून घेतं. हातगाडी उचलतात पालिकेचे कर्मचारी, पण शेजारी खाकी दिसते म्हणून शिव्या आम्हाला बसतात. त्या वेळी तिथे उभा असलेला पीएसआय कारवाई कायदेशीर आहे का हे ठरवायला आलेला नसतो, मारामारी होऊ नये म्हणून आलेला असतो.

मधला अधिकारी म्हणजे नेमका कोण?

खालून वर गेलं तर शिपाई, हवालदार, सहायक उपनिरीक्षक (एएसआय), उपनिरीक्षक (पीएसआय), सहायक निरीक्षक (एपीआय) आणि निरीक्षक (पीआय). शहरातल्या ठाण्याचे प्रमुख म्हणजे वरिष्ठ पोलीस निरीक्षक. त्यांच्यावर विभागाचे सहायक आयुक्त (एसीपी), मग परिमंडळाचे उपायुक्त (डीसीपी). एपीआय हे पद महाराष्ट्राची खासियत आहे. अनेक राज्यांत उपनिरीक्षकानंतर थेट निरीक्षक येतो. एपीआय आणि पीआय दोघांच्या खांद्यावर तीन तारे असतात, फरक फितीत. त्यामुळे लोक सरसकट ‘मोठे साहेब’ म्हणतात.

एएसआयला कोणी मोठा अधिकारी समजत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत कसाबची रायफल छातीशी धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे एएसआय होते. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

हा अधिकारी दिवसभर करतो तरी काय?

वाटप, तपास आणि पाहणी. यातलं तिसरं काम कुठल्याच तक्त्यात दिसत नाही, आणि माझ्या मते पगार त्याचाच असतो.

दिवस हजेरीपासून सुरू होतो. कोण बीटवर, कोण न्यायालयात, कोण आरोपी पार्टीला (आरोपींची ने-आण करणाऱ्या पथकाला), कोण नाकाबंदीला हे हजेरी मास्तर वहीत आधीच मांडून ठेवतात. अधिकाऱ्याने वही पाहावी, पण त्याहून जास्त समोरच्या रांगेतले चेहरे पाहावेत. एकदा एक शिपाई नेहमीसारखा ताठ उभा होता, पण बुटाची एक नाडी सुटलेली. हा माणूस कधी असा यायचा नाही. बाजूला घेऊन विचारलं, तर मुलगी तीन दिवस दवाखान्यात आणि हा रात्री तिच्याजवळ बसून सकाळी ड्यूटीवर. त्या दिवशी त्याच्या नावापुढे रायफल घेऊन गार्ड ड्यूटी होती. मी त्याला वायरलेसवर बसवलं आणि दुपारी घरी सोडलं. वहीत फक्त नाव बदललं.

त्यानंतर आधीच्या पाळीचे कॉल, ११२ वर आलेल्या तक्रारी, बेपत्तांच्या नोंदी, अकस्मात मृत्यू, समन्स-वॉरंट, लॉकअपची तपासणी. मधेच न्यायालयात साक्ष. हे सगळं चालू असताना स्वतःकडचे गुन्हे तपासायचे ते वेगळेच.

ठाण्याचे प्रमुख हजर नसतील तर जबाबदारी कोणाची?

कायद्यातल्या व्याख्येनुसार प्रभारी अधिकारी ठाण्यात नसतील किंवा आजारपणामुळे काम करू शकत नसतील, तर हजर असलेल्यांपैकी त्यांच्याखालोखालचा, शिपायाच्या वरच्या दर्जाचा अधिकारी प्रभारी ठरतो. म्हणजे रात्री तीन वाजता खुर्चीवर पीएसआय असेल, तर त्या क्षणी ठाणं त्याचंच. ‘साहेब आल्यावर या’ हे वाक्य म्हणूनच चुकीचं आहे. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर आली की गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्ये स्पष्ट केलं. घटना दुसऱ्या हद्दीत घडली असेल तरी झिरो एफआयआर घ्यायचा आणि नंतर तो त्या ठाण्याकडे पाठवायचा. माझ्या हाताखालच्या ठाणे अंमलदारांना, म्हणजे ठाण्यात तक्रार लिहून घेणाऱ्यांना, मी सांगायचो, हद्दीचा वाद आपण फोनवर घालू, समोरच्या माणसाला आधी पाणी द्या आणि लिहायला बसा.

हाताखालच्यांनी केलेल्या तपासावर अधिकारी नुसती सही करतो का?

या प्रश्नाचं उत्तर मी स्वतःच्या चुकीतून शिकलो, म्हणून सविस्तर सांगतो.

एपीआय झालो त्या पहिल्याच वर्षी चोरीची एक मोटारसायकल सापडली. हवालदारांनी जप्ती पंचनामा केला आणि रात्री उशिरा माझ्यापुढे ठेवला. मी पहिलं पान पाहिलं आणि शेवटच्या पानावर सही केली. मधल्या पानावर चेसिस नंबरातले दोन आकडे उलटे पडले होते. गाडीचा मालक पहाटे घरोघरी दूध टाकणारा. गाडी परत मिळावी म्हणून त्याने न्यायालयात अर्ज केला, तेव्हा आरसी बुकातला नंबर पंचनाम्यातल्या नंबराशी जुळेना. मग आमचा खुलासा, आरटीओचं पत्र, पुढची तारीख, पुन्हा पुढची तारीख. तेवढे महिने तो सायकलला दोन्ही बाजूंनी कॅन लटकवून ठाण्यासमोरून जायचा. त्याची गाडी आमच्या आवारात पावसात उभी होती, सीटवर शेवाळ धरलं होतं. मी दिसलो की तो ‘नमस्कार साहेब’ म्हणायचा. एकदाही रागाने बोलला नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

त्यानंतर नंबर असलेला एकही कागद मी वस्तूसमोर उभं राहून, आकड्यावर बोट ठेवल्याशिवाय सही केला नाही. मोबाइलचा आयएमईआय असो, दागिन्याचं वजन असो की नोटांचे क्रमांक.

जबाबांचंही तेच. मारामारीच्या एका गुन्ह्यात चार साक्षीदारांचे जबाब माझ्यापुढे आले आणि चारही ‘अचानक आरडाओरडा ऐकू आल्याने मी धावत बाहेर आलो’ अशा एकाच वाक्याने सुरू होत होते. त्या चौघांपैकी एक आजी काठीशिवाय उठूही शकत नव्हत्या. लिहिणाऱ्याने एक जबाब टाइप करून बाकीच्यांत नावं बदलली होती. साक्षीदार खरे, घटनाही खरी; पण आरोपीच्या वकिलाला हा कागद मिळाला असता तर खऱ्या आजी खोट्या ठरल्या असत्या. मी स्वतः त्यांच्या घरी गेलो. खिडकीतून त्यांनी काय पाहिलं ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं. कायद्याप्रमाणे पोलिसांपुढच्या अशा जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत. म्हणूनच तो प्रामाणिकपणे लिहिला गेला का, हे बघणारं दुसरं कोणी नसतं.

पीएसआयने शिपायाचं आणि एपीआयने पीएसआयचं काम वाचायचं असतं. केस डायरी रोजच्या रोज लिहिली का, पंच त्याच भागातले आणि खरोखर हजर होते का, पंचनाम्याची वेळ आणि स्टेशन डायरीतली (ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीतली) निघाल्याची वेळ जुळते का, एवढं पाहिलं तरी निम्मे गुन्हे न्यायालयात तगतात असा माझा अनुभव आहे.

नव्या कायद्यांमुळे काम वाढलं का?

वाढलं, आणि बरंचसं योग्य कारणासाठी. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण करावं लागतं. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी येऊन पुरावे गोळा करायचे, अशी तरतूद झाली. तक्रार ऑनलाइन पाठवता येते, मात्र तीन दिवसांत येऊन सही करावी लागते. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं आहे.

ही शेवटची तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते. पूर्वी फिर्यादी चकरा मारायचा आणि ‘तपास चालू आहे’ एवढं ऐकून परत जायचा. आता कळवणं ही पोलिसांची जबाबदारी आहे. पण मधल्या अधिकाऱ्याने तारखांची वही ठेवली नाही, तर ९० दिवस कसे सरतात ते कळत नाही. आरोपी कोठडीत असेल तर दोषारोपपत्राची ६० किंवा ९० दिवसांची मुदत वेगळी सांभाळायची. ती चुकली की आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, गुन्हा कितीही गंभीर असो.

कोणाला अटक करायची हे तो ठरवतो का?

बऱ्याचदा हो, आणि कारण लिहूनच. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, अटकेची गरज का आहे हे नोंदवायचं, नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यायची. अर्नेश कुमार खटल्याच्या २०१४ च्या निकालाने हे ठाण्याठाण्यांत पोचवलं. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात आजारी किंवा ६० वर्षांवरच्या माणसाला अटक करायची तर उपअधीक्षक दर्जाच्या, म्हणजे शहरात एसीपींच्या, परवानगीशिवाय करता येत नाही. अपवादात्मक परिस्थिती सोडली तर महिलेला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक नाही. अपवाद असला तरी महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते.

फिर्यादीला मात्र वाटतं, अटक झाली नाही म्हणजे पोलीस विकले गेले. त्याला खुर्चीवर बसवून नोटीस म्हणजे काय ते समजावणं हेसुद्धा पीएसआयचं काम आहे. त्याला दहा मिनिटं लागतात. ती दिली तर पुढचे दहा तक्रारअर्ज वाचतात.

कोठडीत हाताखालच्या माणसाने हात उचलला तर?

तो थांबवायचा, तिथल्या तिथे, आणि आरोपीची वैद्यकीय तपासणी करून वरिष्ठांना लेखी कळवायचं. यात ‘आपला माणूस’ वगैरे काही नसतं. डी. के. बसू खटल्यातली अटकेबाबतची मार्गदर्शक तत्त्वं डिसेंबर १९९६ पासून आहेत, त्यांतलं बरंच काही आता कायद्यातच आलं आहे. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात लॉकअप, व्हरांडा, प्रवेशद्वार सगळीकडे आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे लावायला सांगितले.

पण कॅमेरा नंतर दाखवतो. मारहाण होण्याआधी तिथे असतो तो अधिकारी. ती कधी होते याचा अंदाज त्याला असायला हवा: लहान मुलाविरुद्धचा गुन्हा असेल, पोलिसावर हल्ला झाला असेल, किंवा बाहेर जमाव ‘आमच्या ताब्यात द्या’ म्हणत असेल, तेव्हा चांगल्या माणसाचंही डोकं फिरतं. अशा रात्री मी माझी खुर्ची उचलून लॉकअपच्या दारासमोर मांडायचो आणि फाइली तिथेच वाचायचो. कोणाला काही बोलावं लागलं नाही.

जमाव पांगवण्याचा आदेश कोण देऊ शकतो?

कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाण्याचे प्रभारी; ते नसतील तर उपनिरीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला कोणीही पोलीस अधिकारी. कायद्याने ही रेषा पीएसआयवर आखली आहे, आणि पंचविशीतल्या मुलाला तिचं वजन पहिल्या दंगलीत कळतं. काठी चालवण्याआधी लोकांना पांगायला सांगायचं, ऐकू जाईल असं सांगायचं आणि निघायला वाट मोकळी ठेवायची. गल्लीची दोन्ही तोंडं अडवून ‘पांगा’ म्हणणारा अधिकारी मी पाहिला आहे. लोक जाणार कुठे?

बंदोबस्तात या अधिकाऱ्याचं काम काय?

नकाशावर पॉइंट वरिष्ठ ठरवतात. त्या पॉइंटवर माणूस टिकून राहील हे पाहतो पीएसआय.

गणपती विसर्जनाचं घ्या. सकाळी उभा राहिलेला शिपाई दुसऱ्या दिवशी दुपारी सुटतो, असं कितीदा झालं आहे. जेवणाची पाकिटं येतात, पण ज्या चौकात गर्दी जास्त तिथे गाडी पोचत नाही, म्हणजे ज्याला सर्वांत जास्त गरज तोच उपाशी. म्हणून पाकिटं मिरवणूक सुरू होण्याआधी पोचवायची.

महिला शिपायांचा प्रश्न त्याहून मोठा. माझ्या एका सेक्टरमध्ये चार मुली पहाटेपासून पाणीच पीत नव्हत्या. का, तर जवळपास शौचालय नव्हतं आणि सांगायची लाज वाटत होती. एक जण दुपारी चक्कर येऊन पडली तेव्हा मला हे समजलं. त्यानंतर बंदोबस्ताच्या आदल्या दिवशी मी प्रत्येक पॉइंटजवळचं एक घर, शाळा किंवा बँक ठरवून ठेवायचो, तिथल्या माणसाशी बोलून त्याचा फोन नंबर त्या पॉइंटच्या महिला शिपायाला द्यायचो. एकाही घराने नाही म्हटलं नाही. उलट एका काकूंनी दार रात्रभर उघडं ठेवलं आणि चहा दिला तो वेगळाच. बंदोबस्ताच्या छापील आदेशात यासाठी रकाना नसतो. नव्या पीएसआयने तो आपल्या डायरीत स्वतः आखून घ्यावा.

वयाने मोठ्या हवालदारांशी कसं वागायचं?

‘अहो’ने. एवढं पाळलं तरी बरंच काम होतं. अकादमीतून आलेल्या पंचवीस वर्षांच्या पीएसआयला पन्नाशीचे हवालदार सॅल्यूट करतात आणि त्याच्या डोक्यात हवा जाते. त्या हवालदारांना हद्दीतला प्रत्येक गुन्हेगार बापाच्या नावासकट माहीत असतो. मी पहिल्याच दिवशी आमच्या जुन्या हवालदारांना म्हटलं, ‘काका, चुकलो तर चारचौघांत नका सांगू, पण सांगा.’ त्यांनी सांगितलं, कितीतरी वेळा. आदेश मात्र माझाच असायचा आणि तो चुकला तर उत्तरही मीच द्यायचं, हे त्यांनाही मान्य होतं.

वरून दबावाचा फोन आला तर?

फोन येतात, नाही म्हणणं खोटं ठरेल. सोडा म्हणून येतात, अडकवा म्हणूनही येतात. उपाय साधा आहे: बोलणं नम्र ठेवायचं, ‘लेखी द्या, नोंद घेतो’ म्हणायचं आणि महत्त्वाचं असेल ते स्टेशन डायरीत खरोखर नोंदवायचं. नोंद झाली की बहुतेक फोन थांबतात. सगळे थांबत नाहीत. अशा एका नोंदीनंतर माझी दोन महिन्यांत बदली झाली, मुलांची शाळा वर्षाच्या मध्यात बदलावी लागली. तरी ती नोंद पुढे न्यायालयात कामाला आली. पुन्हा तशी वेळ आली असती तरी मी तीच ओळ लिहिली असती.

महिला पीएसआयकडे फक्त महिलांच्याच तक्रारी देतात का?

देऊ नयेत. काही कामं कायद्यानेच त्यांच्याकडे येतात, उदाहरणार्थ पॉक्सोखालच्या (बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखालच्या) बालकाचा जबाब शक्यतो उपनिरीक्षकापेक्षा कमी दर्जाची नसलेल्या महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, तोही मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी आणि गणवेश न घालता. पण ठाण्यात एकच महिला अधिकारी असेल आणि दरोडा, फसवणूक, खून यांचे तपास तिच्याकडे कधीच जात नसतील, तर तिचं शिक्षण थांबतं.

ड्यूटी किती तासांची असते?

कागदावर आणि प्रत्यक्षात मोठं अंतर आहे. मुंबईत २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग सुरू झाला आणि त्याचं मूळ एका शिपायाने मांडलेल्या आराखड्यात होतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अधिकाऱ्यांना मात्र तपास, न्यायालय आणि रात्रपाळी यांचा मेळ घालता घालता बारा-चौदा तास सहज होतात.

पीएसआय होण्यासाठी काय करावं लागतं?

पदवीनंतर महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा, शारीरिक चाचणी, मुलाखत आणि निवड झाल्यावर नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत प्रशिक्षण. खात्यातल्या कर्मचाऱ्यांना विभागीय परीक्षेचा आणि पदोन्नतीचा मार्गही आहे. तयारी करणाऱ्यांना एक सांगतो: मराठी नीट लिहायला शिका. धावणं अकादमीत शिकवतात, जबाब लिहायची भाषा कोणी शिकवत नाही.

माझी तक्रार घेतली नाही तर कोणाकडे जाऊ?

आधी ठाणे अंमलदारांना सांगा की ‘ड्यूटीवरच्या अधिकाऱ्यांना भेटायचं आहे’. खुर्चीवर पीएसआय किंवा एपीआय असेल, तो भेटायला बांधील आहे. तिथे काम झालं नाही तर वरिष्ठ निरीक्षक, मग एसीपी. एफआयआर नाकारला असेल तर तक्रार लेखी स्वरूपात डीसीपींकडे पाठवा, आणि तिथूनही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पोलिसांच्या गंभीर गैरवर्तनासाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे.

महिला, पंधरा वर्षांखालची मुलं, साठीपुढची माणसं आणि दिव्यांग यांना साक्षीदार म्हणून ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही; पोलिसांनी त्यांच्या घरी जायचं असतं. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. साधा अर्ज दिलात तरी दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. आणि एफआयआरवर सही करण्याआधी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. समोरचा अधिकारी घाईत दिसला तरी वाचा. गाडीचा नंबर असेल तर आरसी बुक हातात धरून, एकेका आकड्यावर बोट ठेवून वाचा.